श्रावणातलं स्कॉटलंड : होतकरूंसाठी मार्गदर्शिका

ज्यांची लेक, जावई, भाचा किंवा गेलाबाजार शेजाऱ्यांचा मुलगा एडिनबर्गला आहे, अशा मराठी माणसांसाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांचं तिथे कुणीच नाही त्यांनी आधी ती तजवीज करावी. ऑगस्टमध्ये एडिनबर्गला हॉटेलची खोली घ्यायची म्हणजे इकडचं कलमाचं आगर विकून तिकडे चार रात्रींची खाट घेण्यातला प्रकार आहे. त्या महिन्यात शहरात नाटकांचा उत्सव असतो. १९४७ साली पहिला महोत्सव भरला तेव्हा आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना येऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी आपले प्रयोग लावले. त्यातूनच पुढे 'फ्रिंज' उभं राहिलं. न बोलावलेल्यांची ती पंगत आज मूळ कार्याहून मोठी आहे.

तेव्हा एक रात्र लेकीकडे काढायची, विमानाचा शीण म्हणून दुपारभर झोपायचं, नातवंडांना खाऊ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाव गाठायचं. कुठलं गाव, ते पुढे येईल. आधी तारीख.

पायरी पहिली : पंचांग काढा

ऑगस्टच्या उत्तरार्धाला तिकडे उन्हाळ्याची अखेर म्हणतात. दुपारचं तापमान १८-१९ अंश असतं, रात्री ११-१२. आपल्याकडे एवढ्यात कानटोप्या निघतात, पण तिथे याला उन्हाळाच म्हणतात आणि पाहुण्याने यजमानाशी यावर वाद घालू नये. हा काळ निवडायला कारणं चांगली आहेत. स्कॉटलंडच्या शाळा ऑगस्टच्या मध्यालाच उघडतात, त्यामुळे किनाऱ्यावरची निम्मी पोरं वर्गात कोंडलेली असतात. इंग्लंडच्या शाळा सप्टेंबरपर्यंत बंद असतात, त्यामुळे दुसरी निम्मी पोरं वाळूत असतात आणि आईस्क्रीमची दुकानं उघडी राहतात. शिवाय आठ वाजून गेले तरी उजेड असतो.

अडचण एकच, आणि ती कुठल्याही इंग्रजी गाइडबुकात दिलेली नाही : गणपती.

२०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टलाच होती. त्या वर्षी जे कुणी ऑगस्टअखेर परदेशी गेले त्यांच्याबद्दल त्यांच्या भावकीत अजून बोललं जातं. म्हणून होतकरूंनी अधिक महिन्याचं वर्ष धरावं. श्रावणाच्या आत किंवा श्रावणातच अधिक मास पडला की चतुर्थी थेट सप्टेंबरच्या मध्यावर जाते. २०२३ साली अधिक श्रावण होता, गणपती १९ सप्टेंबरला बसले. २०२६ साली अधिक ज्येष्ठ, चतुर्थी १४ सप्टेंबरला. ब्रिटिश सरकारला हे ठाऊक नाही, पण आपल्या धोंड्याच्या महिन्याइतकी त्यांच्या पर्यटनाची सोय दुसऱ्या कशानेच होत नाही.

आम्ही २०२३ साली गेलो. तारीख काढताना मी इतका हुशारलो होतो की त्याच पानावरची दुसरी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली. अधिक मासामुळे गणपती पुढे गेले, तसा निज श्रावणही पुढे गेला. तो १७ ऑगस्टला सुरू झाला. म्हणजे शेवंडी आणि खेकड्यांसाठी नावाजलेल्या गावात आम्ही ऐन श्रावणात उतरणार होतो, आणि आमच्या घरात श्रावण पाळला जातो. कोण पाळतं हे विचारू नका. घरात पाळला जातो.

व्हिसा काढा. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सोसण्यासारखं बरंच आहे.

पायरी दुसरी : गाव निवडा

होतकरू लोक पश्चिम किनारा निवडतात. तिकडे डोंगर आहेत, बेटं आहेत, सिनेमात पाहिलेले किल्ले आहेत आणि मिज आहेत. मिज म्हणजे चिलटाहून बारीक चावरी माशी. ती एकटीदुकटी येत नाही, वराती घेऊन येते. वारा नसला, ढग असले आणि संध्याकाळ झाली की हजर. कोकणात पावसाळा काढलेल्या माणसाला वाटतं, डासांपुढे ही काय. पुढचं मी सांगत नाही, ते माझ्या साडूंना विचारा.

पूर्व किनाऱ्याला वारा असतो, त्यामुळे हा ताप फार कमी. एडिनबर्गच्या समोर, फोर्थच्या खाडीपलीकडे फाइफ नावाचा परगणा आहे. त्याच्या नाकाशी, समुद्रात घुसलेल्या कोपऱ्यात, ओळीने पाच-सहा मच्छीमार गावं आहेत. या कोपऱ्याला 'ईस्ट न्यूक' म्हणतात. न्यूक म्हणजे कोपराच. त्यातलं टोकाचं गाव क्रेल. वस्ती दीडेक हजार, बंदर एवढंसं की मोठी बोट आत आली तर तिला वळायला जागा मागावी लागेल.

क्रेल निवडण्याची माझी कारणं पुढीलप्रमाणे. एक, तिथे रेल्वे जात नाही. जात होती, १९६५ साली बंद पडली. जिथे रेल्वे जायची थांबते तिथे गाव शिल्लक राहतं, असा माझा अनुभव आहे. दोन, घरांवर लाल कौलं आहेत. हॉलंड-बेल्जियमकडे माल घेऊन जाणारी जहाजं येताना जी कौलं आणत, त्यांचा हा वारसा. आपल्या मंगलोरी कौलाहून यांचा बाक वेगळा, नागमोडी. पण पावसात भिजलेलं लाल छप्पर लांबून दिसलं की कोकणातल्या माणसाला आपण तिकिटाचे पैसे उगाच घातले असं वाटायला लागतं, आणि हे प्रवासातलं फार मोठं सुख आहे. तीन, समोर समुद्रात एक बेट आहे. आमच्या सौ.चं माहेर हर्णैचं. तिला समोर सुवर्णदुर्ग असल्याशिवाय समुद्र पुरा वाटत नाही. क्रेलसमोर मे नावाचं बेट आहे. त्यावर किल्ला नाही, पण १६३६ साली बांधलेलं स्कॉटलंडमधलं पहिलं कायमचं दीपगृह आहे. दगडी कोळसा जाळून ते चालवायचे. सौ.ने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "ठीक आहे."

जाता जाता : हर्णै आणि बाणकोटला १८२०च्या दशकात स्कॉटलंडहूनच मिशनरी आले होते. त्यांच्यासाठी अशी मार्गदर्शिका कुणी लिहिली असल्याचं ऐकिवात नाही, आणि तेही बहुधा पावसाळ्यात पोचले असावेत असं त्यांच्या पुढच्या हालांवरून वाटतं.

गावाचा इतिहास एका वाक्यात पाठ करून ठेवा, यजमानीणबाई खूश होतात. रॉबर्ट ब्रूस राजाने १३१० साली क्रेलला सनद दिली आणि रविवारी बाजार भरवायची मुभा दिली. पुढे धर्मगुरूंना रविवारचा तो बाजार खुपू लागला. आपल्याकडे एकादशीला मासळी बाजार भरवायची सनद शाहू महाराजांनी दिली असती तर जे झालं असतं तेच. १५५९ साली जॉन नॉक्सने इथल्या चर्चमध्ये प्रवचन दिलं, आणि ते ऐकून बाहेर पडलेल्या मंडळींनी मूर्ती फोडल्या. चर्चच्या दाराशी एक निळसर धोंडा आहे. सैतानाने मे बेटावरून चर्चवर फेकला आणि नेम चुकला, असं सांगतात. बेट आठेक किलोमीटरवर आहे. त्या मानाने नेम चांगलाच म्हणायचा.

पायरी तिसरी : सामान

तूप नेऊ नका. पेढे, बर्फी, चीज, खवा, काही नाही. भारतातून दुधाचे पदार्थ आणि मांस ग्रेट ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे. लाडू कशात वळलेत हे अधिकाऱ्याला समजावून सांगण्याच्या फंदात पडू नका. आमच्या शेजारच्या रांगेत एक काकू 'हे औषध आहे' म्हणत होत्या. आम्ही पुढे सरकलो.

कपड्यांचं गणित सोपं आहे. मे महिन्यात महाबळेश्वरला नेता ते सगळं, त्यावर जानेवारीत नाशिकला घालता ते सगळं, आणि त्यावर जुलैत लोणावळ्याला असतं ते. हे तिन्ही एकाच दिवसात लागतं. छत्री ठेवा घरी, वारा तिला उलटी करतो आणि उलट्या छत्रीसह फोटो निघतो. टोपीवाला रेनकोट घ्या.

याच पायरीत एक शब्द शिकून घ्या : हार. पूर्व किनाऱ्यावर समुद्रावरून जे धुकं चालून येतं त्याला तिथे 'हार' म्हणतात, उच्चारही अगदी आपल्यासारखा. नॉर्थ समुद्राचं पाणी भर उन्हाळ्यातही थंडगार असतं. त्यावरून उबदार दमट हवा सरकली की ती खालून गार होते, तिचं धुकं बनतं आणि वारा ते किनाऱ्यावर आणून सोडतो. चार-पाच किलोमीटर आत लख्ख ऊन असतं, लोक शर्ट काढून बसलेले असतात, आणि बंदरावर पुढचा माणूस दिसत नाही. लेकीचा फोन आला, "आई, उद्या क्रेलला हार आहे." सौ. म्हणाली, "कुणाला घालणारेत?"

दुसऱ्या दिवशी तो आम्हालाच घातला. सकाळी खिडकी उघडली तर बंदर नाही, समुद्र नाही, बेट नाही. नुसता बोटींच्या दोऱ्यांचा खुळखुळ आणि कुठे तरी समुद्रपक्ष्यांचं भांडण. अशा वेळी हौशी प्रवासी 'दिवस फुकट गेला' म्हणतात. तसं म्हणू नये. हार पडली की हार मानावी, खिडकीशी खुर्ची ओढावी आणि चहा मागवावा. अकराच्या सुमाराला धुक्यात आधी एक लाल कौल दिसलं, मग एक धुराडं, मग पायऱ्यापायऱ्यांची त्रिकोणी भिंत. ही तिथल्या घरांची खास खूण, भिंतीचा कळस जिन्यासारखा कापलेला असतो. गाव एकेका तुकड्याने परत येत होतं. मी आयुष्यात बघितलेल्या सगळ्या किल्ल्यांपेक्षा ही पाऊण तासाची खिडकी मला जास्त आठवते. पण तिकीट नसल्यामुळे हिची जाहिरात कुणी करत नाही.

पायरी चौथी : पोचणं

एडिनबर्गच्या वेव्हर्ली स्टेशनवरून लूखर्सची गाडी पकडा. तासाभराचा प्रवास. गाडीत उजव्या बाजूला बसा. डावीकडून फोर्थच्या खाडीवरचे रस्त्याचे पूल दिसतात, १९६४चा आणि २०१७चा. उजवीकडून मोकळी खाडी दिसते आणि पुढे बर्नटायलंडपासून रूळ समुद्राच्या काठाकाठाने जातो. ज्या लाल लोखंडी पुलावरून तुम्ही जात असता तो १८९० सालचा. तो बाहेरून बघण्यासारखा आहे, आतून नुसते लोखंडाचे तिरके दांडे झपाझप मागे जातात. बाहेरून बघायचा तर खाली उतरावं लागतं आणि उतरलं की गाडी जाते. निवड तुमची.

लूखर्सहून बसने सेंट अँड्र्यूज. तिथे लोक गोल्फ खेळत असतात. खेळू द्या. तिथून ९५ नंबरची बस अर्ध्या-पाऊण तासात क्रेलला सोडते. उतरताना ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणायची तिथे पद्धत आहे. सगळे म्हणतात, शाळकरी पोरंसुद्धा. सौ.ने पहिल्या दिवसापासून म्हटलं. मी तिसऱ्या दिवशी म्हटलं, तर ड्रायव्हरने वळून बघितलं.

उच्चारांना घाबरू नका, इथे मराठी माणसाची बाजू भक्कम आहे. लंडनच्या माणसाला 'लॉख' म्हणता येत नाही, तो 'लॉक' म्हणतो आणि स्कॉटिश माणसाच्या कपाळाला आठी पडते. आपल्याकडे ख आहे. तिकडचा ख जरा घशात घासून येतो, पण खाकरण्याची सवय असलेल्या कुठल्याही पुणेकराला तो पहिल्या झटक्यात जमतो. र आपल्यासारखाच खणखणीत. उदास, ओल्या, करड्या हवेला ते 'ड्रीख' म्हणतात. शब्द म्हटला तरी पाय ओले झाल्यासारखं वाटतं. फक्त लिहिलंय तसं वाचू नका. रस्त्यात कर्कॉडी नावाचं स्टेशन लागतं, त्याच्या इंग्रजी पाटीवर एक 'ल' बसलेला आहे, पण बोलायच्या वेळी तो गप्प राहतो. शेजारच्या अँस्ट्रदर गावाला जुनी माणसं 'एन्स्टर' म्हणतात. आपण रत्नागिरीला रत्नांग्री म्हणतो, तेव्हा आपण हसू नये.

एक सूचना पैशांची. स्कॉटलंडच्या तीन बँका आपापल्या नोटा छापतात. त्या परतताना खर्च करून या, लंडनचा दुकानदार त्या उजेडात धरून बघतो.

पायरी पाचवी : काय बघायचं

पफिन बघायचा नाही. तो रंगीत चोचीचा, गोल पोटाचा, गंभीर चेहऱ्याचा पक्षी हजारोंनी मे बेटावर असतो. एप्रिलमध्ये येतो, पिल्लं वाढवतो आणि जुलै सरता सरता, फार तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात समुद्रात निघून जातो. तुम्ही ऑगस्टअखेर पोचता. दुकानात पफिनचे कप असतात, पफिनच्या उशा असतात, पफिनचे मोजे असतात. पफिन नसतो. हे एकदा मनाशी पक्कं केलं की बेटाची बोट सोडायला हरकत नाही, किंवा पकडायलाही. दीपगृह जागेवर असतं, सील लोळत असतात.

चालायला मात्र जा. फाइफचा किनारी रस्ता १८७ किलोमीटरचा आहे. घाबरू नका, क्रेल ते अँस्ट्रदर एवढाच तुकडा घ्या, साडेसहा-सात किलोमीटर. एका हाताला कापणीला आलेली बार्लीची शेतं, दुसऱ्या हाताला खडक. वाटेत केप्लीच्या गुहा लागतात. वाऱ्यापाण्याने कोरलेला पिवळसर दगड, आणि आत भिंतीवर जुन्या काळच्या ख्रिस्ती वैराग्यांनी कोरलेले क्रूस. पाटी नाही, तिकीट नाही, रखवालदार नाही. सौ. आत गेली, हात जोडले आणि बाहेर येऊन म्हणाली, "इथे कुणी तरी बसलं होतं हो." मला त्या गुहेबद्दल याहून जास्त काही सांगता येणार नाही.

अँस्ट्रदरला मासेमारीचं संग्रहालय आहे, दोन तास द्या. परत येताना बस घ्या.

पायरी सहावी : खाणं, आणि नावांवर न जाणं

श्रावण पाळणाऱ्यांनी ही पायरी दोनदा वाचावी.

टॅब्लेट म्हणजे गोळी नव्हे. साखर, लोणी आणि आटवलेलं दूध यांची रवाळ वडी असते, आपल्या दुधाच्या वडीची चुलत बहीण. खुशाल खा, फक्त मधुमेहाची खरी टॅब्लेट बरोबर ठेवा. 'टी' म्हणजे नुसता चहा असेलच असं नाही, संध्याकाळच्या जेवणालाही टी म्हणतात. कुणी टीला बोलावलं तर आधी घरी पोट भरून जाऊ नका. आम्ही गेलो होतो. नाश्त्याच्या थाळीत ब्लॅक पुडिंग नावाची काळी चकती असते. ते गोड नाही, ते रक्त आहे. बटाट्याचा तिकोनी स्कोन मात्र निर्धास्त खावा. पार्टन म्हणजे खेकडा, आपली कुर्ली. मसुराच्या सुपाला बघून आपल्याला आमटी भेटल्याचा आनंद होतो, पण ते पुष्कळदा डुकराच्या हाडाच्या पाण्यात शिजवतात. विचारा.

आणि 'क्रेल केपन'. केपन म्हणजे खच्ची केलेला कोंबडा. पण क्रेलचा केपन म्हणजे हॅडॉक मासा, वाळवलेला. मला हे वाचून फार जवळचं वाटलं. ज्या मुंबईने बोंबलाला बदक म्हणवून घेतलं, तिला क्रेलच्या कोंबड्याला हसता येणार नाही. दोन्हीकडे हेतू काय असावा यावर मी सौ.शी बोललो. "श्रावणात खायला काही तरी पळवाट," असं मी म्हणालो. ती म्हणाली, "मग त्यांनी दुधी नाव ठेवलं असतं."

राहता राहिले चिप्स. बटाटा निरुपद्रवी, या समजुतीवर अर्धी शाकाहारी मंडळी परदेशात जगतात. आम्हीही मासे-चिप्सच्या दुकानात जाऊन ऐटीत 'नुसते चिप्स' मागितले. कागदात बांधून हातात आले, मिठाचा आणि व्हिनेगरचा वास सुटला, सौ.ने पहिला उचलला, आणि तेवढ्यात मला भिंतीवरची अभिमानाने लावलेली पाटी दिसली. तळणीला तेल वापरत नव्हते, गाईबैलांची चरबी वापरत होते. स्कॉटलंडमधल्या पुष्कळ दुकानांत ती जुनी पद्धत आहे आणि चव तिच्यामुळेच येते, असं तिथली माणसं सांगतात. सौ.ने तो चिप्स हातात धरून माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात ज्या नजरेचं वर्णन करायचं मी टाळत आलोय, ती नजर. पुडकं मी बाकावर ठेवलं. समुद्रपक्ष्यांनी ते आठ सेकंदांत संपवलं. त्यांना श्रावण नाही.

त्यानंतरचे तीन दिवस आम्ही लेकीने दिलेल्या साबुदाण्यावर आणि बटाट्याच्या स्कोनवर काढले. आणि रोज दुपारी बंदरावर एक लाकडी टपरी उघडायची. तिच्यात शेवंड आणि खेकडा, सकाळी क्रीलमधून काढलेला, तिथेच उकडून, फोडून, कागदी ताटलीत. क्रील म्हणजे जाळीचे पिंजरे, धक्क्यावर त्यांची चळत लावलेली असते. आपल्या शेवंडीला नांग्या नसतात, यांच्या शेवंडीला आमच्या ग्रामपंचायत सदस्यांएवढ्या असतात. जिवंतपणी काळीनिळी, उकडली की लाल. हर्णैच्या लिलावात वाढलेली बाई तीन दिवस त्या टपरीसमोरून मान वळवून जात होती. हे दृश्य मी बघितलं आहे.

पायरी सातवी : नारळ

ही पायरी ऐच्छिक आहे, पण आम्ही ती केली म्हणून लिहितो.

त्या वर्षी ३० ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. आदल्या रात्री सौ. म्हणाली, "अहो, आमच्याकडे माहेरी दर्याला नारळ पडला की मासे सुरू होतात." तीस वर्षं तिने सासरचा नियम पाळला होता, म्हणजे गणपती विसर्जनापर्यंत. माहेरचा नियम मी त्या रात्री प्रथम ऐकला आणि ताबडतोब मान्य केला. नारळ होता. एडिनबर्गच्या देशी दुकानातून लेकीने पूजेला म्हणून शेंडीसकट आणलेला, आमच्या पिशवीत.

इथून पुढे हिशेब नीट ठेवा. कॅलेंडरात पौर्णिमा ११च्या सुमाराला लागत होती, ती भारतातली वेळ. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ साडेचार तास मागे. म्हणजे क्रेलला ती सकाळी साडेसहालाच लागली. साडेसात वाजता आम्ही हळद-कुंकू घेऊन बंदरावर हजर. आणि बंदरात पाणी नाही.

पौर्णिमेला उधाण येतं हे आम्हाला माहीत होतं. उधाणाच्या दिवशी ओहोटीही तितकीच खोल जाते, हेही माहीत होतं. फक्त फोर्थच्या तोंडाशी त्या दिवशी ओहोटी सकाळी येते आणि भरती दुपारी, हे माहीत नव्हतं. बोटी चिखलात कुशीवर झोपलेल्या. एक पक्षी चालत चालत बंदर ओलांडून गेला. समुद्र होता, पण भिंतीपलीकडे, खडकांच्या मागे. मी म्हटलं, तिथपर्यंत जाऊ. सौ. म्हणाली, "दर्या आपल्या दारात येतो तेव्हा द्यायचा असतो, आपण त्याच्या मागे धावायचं नसतं."

दुपारी अडीचच्या पुढे बंदर काठोकाठ भरलं. धक्क्याच्या टोकाला उभं राहून सौ.ने नारळाला हळद-कुंकू लावलं, डोळे मिटले आणि सोडला. मागून "माफ करा" असा आवाज येईपर्यंत तो परत आला होता. एक काळं लॅब्रडॉर उडी मारून पोहत गेलं, शेंडी दातात धरली, आणि धक्क्याच्या उतारावरून नारळ आणून सौ.च्या पायाशी ठेवला. मालक एक आजोबा, कानापर्यंत लाल झालेले. पुन्हा सोडला. पुन्हा आणला. तिसऱ्या खेपेला आजोबांनी कुत्र्याचा पट्टा घट्ट धरला, आणि नारळ डुलत डुलत बंदराच्या तोंडाकडे गेला. तोवर पाणी उतरायला लागलं होतं आणि उतरत्या पाण्याने तो बाहेर नेला. कुत्रं रडत होतं. आजोबांनी विचारलं, हे कशासाठी? सौ.ने मला भाषांतर करू दिलं नाही. स्वतःच म्हणाली, "सी, शांत. बोट्स, सेफ." आजोबांनी टोपी काढली आणि म्हणाले, "आय." त्यांच्याकडे होकाराला आय म्हणतात.

मग आम्ही झपाझप टपरीकडे गेलो. शेवंड संपली होती. खेकडाही संपला होता. पोरगा ताटल्या पुसत होता.

त्या रात्री मे बेटाच्या डाव्या हाताने चंद्र वर आला. त्या महिन्यातली ती दुसरी पौर्णिमा होती आणि चंद्र पृथ्वीच्या जवळ होता, त्यामुळे परातीएवढा. आम्ही खिडकीशी बसून बटाट्याचा स्कोन खाल्ला. सकाळी नऊची बस होती.

तर होतकरूंनी लक्षात ठेवायचं ते असं : पौर्णिमेला क्रेलची भरती दुपारी येते, आणि टपरीवरचा माल तोवर टिकेलच असं नाही. २०२६ साली नारळी पौर्णिमा २८ ऑगस्टला, शुक्रवारी आहे. त्या पहाटे तिथून चंद्रग्रहण दिसणार आहे, भारतातून दिसणार नाही. वेध कुठल्या देशाचे पाळायचे ते घरी आधीच ठरवून निघा.